'फ्री' : कोण मुक्त? कोणापासून मुक्त?

इंग्रजीतला 'फ्री' हा शब्द आता मराठीच झाला आहे. साबणावर चमचा फ्री, मोबाईलवर सिमकार्ड फ्री, हे खेड्यातल्या शाळकरी पोरालाही कळते. परंतु हाच शब्द वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर जातो तेव्हा त्याचे रूप पालटते. तिथे तो कोट-टाय घालून येतो. फ्री मार्केट, फ्री ट्रेड, फ्री एंटरप्राइज! मराठीत त्याचे भाषांतर होते मुक्त बाजारपेठ, मुक्त व्यापार, मुक्त उद्योग. 'मुक्त' म्हटले की वाचकाची मान आपोआप डोलते. हजारो वर्षे बांधून ठेवलेल्या आपल्या समाजाला तर मुक्तीची ओढ सर्वांपेक्षा जास्त. मग मुक्त गोष्टीला विरोध करणारे आम्ही कोण? आणि इथेच आमची फसगत होते.

इंग्रजीत या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मुक्त आणि दुसरा फुकट. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्या दोहोंची प्रतिष्ठा सारखी नाही. मुक्त माणसाला मान मिळतो, फुकट्याला शिवी मिळते. आता राजकीय आणि आर्थिक लिखाणात हे विशेषण कोणापुढे कसे लावले जाते ते पाहा. भांडवलापुढे लागते तेव्हा त्याचा अर्थ मुक्त असतो. गरिबाच्या धान्यापुढे, शिष्यवृत्तीपुढे, घरापुढे लागते तेव्हा त्याचा अर्थ फुकट होतो. ही केवळ शब्दांची गंमत नाही. हे वाटप कोणाच्या सोयीचे आहे, हे तपासण्याची गरज आहे.

ही तपासणी कशी करायची हे बाबासाहेबांनी आपल्याला १९४७ सालीच दाखवून दिले आहे. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेला सादर करण्यासाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने प्रसिद्ध आहे. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याच्या ताब्यात असावा, शेती हा राज्याचा उद्योग असावा, अशी मागणी त्यात आहे. यावर आक्षेप येणार हे बाबासाहेबांना ठाऊक होते. राज्याने उद्योगात हात घातला की व्यक्तीचे स्वातंत्र्य जाते, हा तो आक्षेप. बाबासाहेबांनी या आक्षेपाला उलट प्रश्न केला. राज्याने हात काढून घेतल्यावर जे स्वातंत्र्य उरते ते कोणाचे? जमीनदाराला खंड वाढविण्याचे, भांडवलदाराला कामाचे तास वाढविण्याचे आणि मजुरी कमी करण्याचे! म्हणजे ज्याला राज्याच्या नियंत्रणापासून मुक्ती म्हणतात, ती कामगाराच्या बाजूने पाहिली तर खाजगी मालकाची हुकूमशाही ठरते. बेकाराला काम देऊ केले आणि त्याबदल्यात संघटना करण्याचा, बोलण्याचा हक्क सोड म्हटले, तर भुकेपुढे तो काय निवडेल, असेही त्यांनी विचारले आहे.

वाचकहो, या विवेचनातून एक साधी कसोटी मिळते. कोणी 'मुक्त' हा शब्द वापरला की लगेच दोन प्रश्न विचारायचे. कोण मुक्त? कोणापासून मुक्त? या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय हे विशेषण अपुरे आहे. ते अपुरे ठेवण्यातच काहींचा फायदा आहे.

आम्ही वकील मंडळी हे विशेषण पहिल्यांदा शिकतो ते करार कायद्यात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने म्हटले आहे की कराराला पक्षकारांची मुक्त संमती हवी. संमती मुक्त केव्हा नसते? कलम १४ मध्ये पाच कारणे दिली आहेत. जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट, चुकीचे निवेदन आणि चूक. ही यादी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात भूक नाही. तिच्यात जात नाही. घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणून निम्म्या मजुरीवर अंगठा उठविणाऱ्या बाईची संमती या यादीप्रमाणे मुक्तच ठरते. ज्या गावात पाटलाच्या शेताशिवाय दुसरे काम नाही, तिथल्या शेतमजुराचा करारही मुक्तच. कायदा दोघांना समान धरतो आणि एकाच्या पोटात अन्न नाही, हे पाहायचे विसरतो.

ही केवळ इंग्रजांनी आपल्यासाठी केलेली करामत नव्हे. अमेरिकेतही हेच झाले. न्यूयॉर्क राज्याने पावभट्टीतील कामगारांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घालणारा कायदा केला होता. १९०५ साली लॉकनर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. कारण काय दिले? मालक आणि कामगार यांच्या कराराच्या स्वातंत्र्यात राज्य ढवळाढवळ करते! म्हणजे भट्टीपुढे साठ तासांहून जास्त भाजून घेणे हे कामगाराचे स्वातंत्र्य ठरले. हा विचार बदलायला १९३७ साल उजाडावे लागले. एका हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईच्या किमान वेतनाच्या दाव्यात त्याच न्यायालयाने किमान वेतनाचा कायदा उचलून धरला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले तेव्हा लॉकनरचा निकाल लागून आठ वर्षे झाली होती आणि तो कायम होता. 'मुक्त करार' या शब्दप्रयोगाचा पोकळपणा ज्या देशात सर्वात उघड झाला, त्या देशात आणि त्या काळात आपला हा महापुरुष अर्थशास्त्र शिकत होता.

इंग्लंडची कथाही वेगळी नाही. मुक्त व्यापाराचे धडे जगाला देणाऱ्या या देशात १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांना एकत्र येऊन मजुरी मागण्याची बंदी होती. ती उठली १८२४ साली. बाजार वाढत होता, परंतु कामगाराची संघटना गुन्हा होती. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले. पुढे पिनोशेच्या राजवटीत तिथे मुक्त बाजाराचे धोरण राबविले गेले, आणि त्याच राजवटीत विरोधकांना तुरुंगात कोंडले, ठार केले गेले. मुक्त बाजाराचे अमेरिकेतील मोठे पुरस्कर्ते मिल्टन फ्रिडमन १९७५ साली तिथे जाऊन पिनोशेला भेटून आले. बाजार मुक्त आणि माणूस कोठडीत, हे दोन्ही एकाच देशात एकाच वेळी नांदू शकते. म्हणजे बाजाराच्या मुक्तीतून माणसाची मुक्ती आपोआप येत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याला परदेशी उदाहरणांची फारशी गरज नाही. महार वतन आठवा. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकार कायद्याने या वतनाला सरकारी कायद्याची चौकट मिळाली होती. कागदावर महार हा वतनदार होता. वतनदार म्हणजे मानकरी! प्रत्यक्षात रात्री-बेरात्री सरकारी निरोप घेऊन धावायचे, तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे आणि मोबदला काय, तर तुटपुंजे इनाम आणि गावाने दिले तर बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात हे वतन सुधारण्याचे विधेयक मांडले. त्यांचा आग्रह हा की कामाचा मोबदला ठरलेला असावा आणि ज्याला या बंधनातून सुटायचे त्याला सुटता यावे. शब्दाने मान आणि व्यवहाराने गुलामी, हा खेळ त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

महाडचे चवदार तळेही तसेच. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे मुक्त झाले. परंतु एकाही अस्पृश्याला तिथे पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले तेव्हा काय झाले हे आपण जाणतो. लोकांची डोकी फुटली. पुढे दावा झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल आले. तळे खुले असणे आणि तळ्यापर्यंत पोचता येणे यात दहा वर्षांचा लढा होता. बाजारही तसाच आहे. 'सर्वांना खुला' असा फलक लावल्याने तो सर्वांना खुला होत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्या घ्या. गाव सोडून आलेल्या आपल्या माणसाला गिरणीने रोजगार दिला, हे मान्य. परंतु विणखात्याचे दार त्याला बंद होते. तिथे मजुरी जास्त होती. कांडीचे सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या थुंकीने विटाळ होतो म्हणून सवर्ण कामगारच त्याला आत येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. श्रमाचा बाजार मुक्त होता म्हणे! पण जात गेटवर उभी होती.

आता कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. आज कंपनीला गुणवत्ता हवी, जात नको. या म्हणण्याची परीक्षाही झालेली आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या उमेदवाराच्या सुमारे दोन तृतीयांशच निघाली. मुस्लिम नावाच्या उमेदवाराची त्याहून कमी. पदवी तीच, अनुभव तोच. मग मुक्त बाजारात मुक्त कोण? निवड करणारा मुक्त. आडनाव वाचून अर्ज बाजूला सारायलाही मुक्त. कारण खाजगी नोकरीत त्याला जाब विचारणारा कायदा आजही जवळजवळ नाहीच.

आपल्यातील काही सुशिक्षित बांधव प्रामाणिकपणे सांगतात की बाजाराला जात नसते, पैसा कोणाच्या हातातला आहे हे नोट सांगत नाही, म्हणून दलितांनी उद्योजक व्हावे. उद्योजक जरूर व्हावे. बाबासाहेबांनीही गाव सोडून शहराकडे जायला सांगितले ते उगाच नव्हे. शहराने आणि रोख मजुरीने गावगाड्याचे काही पाश नक्कीच तोडले. परंतु ते पाश तुटले त्यामागे शाळा होती, शिष्यवृत्ती होती, राखीव जागा होत्या, रेल्वे, पोस्ट, महापालिका आणि सरकारी कारखान्यातील नोकरी होती. ज्याच्या बापाला अशी नोकरी मिळाली त्याचा मुलगा आज उद्योजक व्हायचे स्वप्न पाहू शकतो. शिडी चढून वर गेल्यावर शिडीची गरज नव्हती असे म्हणू नये.

आणि ही शिडीच काढून घेण्याचे काम २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पापासून सुरू आहे. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. आपल्या चळवळीने याला 'खाउजा' असे नेमके नाव दिले. बाल्को ही सरकारी अॅल्युमिनियम कंपनी २००१ साली खाजगी हातात गेली. कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी कंपनीतील कर्मचारी म्हणून आम्हाला संविधानाच्या कलम १४ आणि १६ चे संरक्षण होते, ते विक्रीने जाते, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने सांगितले की निर्गुंतवणूक हा आर्थिक धोरणाचा विषय आहे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. कंपनी सरकारी नियंत्रणातून मुक्त झाली, असे छापून आले. खरे आहे. त्याच क्षणी ती राखीव जागांच्या बंधनातूनही मुक्त झाली, हे वाक्य मात्र छापायचे राहिले.

कामगार कायद्यांचे तेच. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पूर्वी शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कामगार कपातीसाठी वा टाळेबंद करून कारखाना कायमचा बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. आता ती मर्यादा तीनशेवर नेली आहे. दुसरीकडे संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस जवळपास सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली. पूर्वी असे बंधन सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरते होते. मालक मोकळा, कामगार बांधलेला! हाच डाव १९३८ साली मुंबई प्रांतात औद्योगिक कलह विधेयकाने टाकला होता. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी बाबासाहेबांची तेव्हाची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या सोबतीने एक दिवसाचा संप घडवून आणला. पुढे व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. हे सहा तास मुक्त बाजाराने दिले नाहीत, कायद्याने दिले.

आपल्या न्यायालयांनीही चांगल्या क्षणी हे ओळखले आहे. बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यात मालकाचे म्हणणे होते की आमचे कामगार स्वतःच कमी मजुरीवर काम करायला तयार आहेत, मग सरकार मध्ये का पडते? १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि किमान वेतनाचा कायदा वैध ठरविला. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांचा खटला आला. न्यायमूर्ती भगवती यांनी संविधानाच्या कलम २३ चा अर्थ लावताना सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हे सक्तीचे श्रम, म्हणजे वेठबिगारीच. सक्ती केवळ काठीने होत नाही, उपासमारीनेही होते. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या दुष्काळी कामांच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की दुष्काळात काम दिले म्हणून मजुरी कमी देता येत नाही. १८७२ च्या यादीत जी भूक नव्हती, ती बाबासाहेबांच्या संविधानाच्या आधारे शेवटी न्यायालयाच्या निकालात आली. 'मुक्त' या शब्दाचा खरा अर्थ करार कायद्यात नसून कलम २३ मध्ये आहे, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे.

आता त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळू. फुकट! जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखालील सुमारे ८१ कोटी लोकांना रेशनचे धान्य मोफत मिळते. यावर मध्यमवर्गाच्या बैठकीत नाके मुरडली जातात. २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'रेवडी' हा शब्द जाहीर सभेत वापरला आणि वर्तमानपत्रांना 'फ्रीबी'ला देशी पर्याय सापडला. निवडणुकीच्या तोंडावर तिजोरी उधळणाऱ्या सर्वच पक्षांना जाब विचारावा, त्याबद्दल दुमत नाही. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ आयकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. त्याला कोणी रेवडी म्हटले काय? त्याचे नाव प्रोत्साहन! गरिबाला पाच किलो तांदूळ म्हणजे फुकट, आणि कंपनीला सोडलेला कर म्हणजे विकास. शब्दकोश कोणाच्या हातात आहे ते यावरून समजते.

अनुसूचित जातींच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात असताना सुरू झाली. आज महाविद्यालयाच्या खिडकीवर आपल्या मुलांना 'फ्रीशिपवाले' म्हणून वेगळ्या रांगेत उभे केले जाते. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या गावाची कामे खरोखरच फुकट केली, त्यांच्या मुलांना फुकटे म्हणण्याचा निलाजरेपणा हा या देशातच शक्य आहे. गावाने आमच्याकडून घेतलेल्या वेठीचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तो मांडला तर कोणी कोणाला फुकट दिले हे स्पष्ट होईल.

मग करायचे काय? शब्दावर रुसून उपयोग नाही. आपल्या निवेदनात, पत्रकात, सभेत शब्द पुरा करून वापरायला शिकले पाहिजे. 'मुक्त बाजार' असे न लिहिता 'कायद्याच्या नियंत्रणातून सुटलेला बाजार' असे लिहा. 'मोफत शिक्षण' असे न लिहिता 'हक्काचे शिक्षण' लिहा. कंत्राटी सफाई कामगाराने सही केलेल्या करारावर कोणी बोट ठेवले तर त्याला कलम २३ दाखवा. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांनी, ज्यात बहुतेक दलित होते, संघटनेच्या बळावर आणि कोर्टात चिकाटीने लढून २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाकडून कायम होण्याचा निवाडा मिळवला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये शासनाला तो रद्द करावा लागला. लढले की मिळते, हा अनुभव ताजा आहे.

तथागतांनी दुःखमुक्तीचा मार्ग सांगितला तेव्हा दुःख आहे, त्याला कारण आहे, हे आधी सांगितले. कारण न शोधता मुक्तीच्या गप्पा मारणे बौद्धांना शोभत नाही. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य हा शब्द कधी एकटा सोडला नाही, त्याच्या शेजारी समता आणि बंधुता कायम उभी केली. म्हणून यापुढे कोणी व्यासपीठावरून किंवा अग्रलेखातून 'फ्री' म्हणून गर्जना केली की बांधवांनो, टाळी वाजविण्याआधी उभे राहा आणि विचारा : कोण मुक्त? कोणापासून मुक्त? आणि आमच्या कोणत्या हक्काच्या किमतीत?

जयभीम!